लोंब्या बाहेर

१९ नोव्हेंबर
बाबा पुंजण्यावरून, धानाच्या गंजीवरून पडले. हलक्या धानाचे शेवटचे भारे रचत होते, पाय सरकला, डोक्याची उजवी बाजू खाली बैलगाडीच्या चाकावर आदळली. मी लाखांदूरहून, कॉलेजातून आले तर ओसरीत चहा पीत बसलेले. लिंबाएवढं टेंगूळ. दवाखान्यात चला म्हटलं तर, "कायले? रगत निंगालं का? नाही ना? मंग?" वर मलाच सुनावलं की पुंजण्याचं टोक अर्धं राहिलं, ते पाहा आधी. दादा हसला. मीही हसले. वय अठ्ठ्याहत्तर, हट्ट पंचविशीचा.

२ डिसेंबर
टेंगूळ उतरलं. बाबा शेतावर जातात-येतात.
बारावीच्या मुलांना पुस्तकाबाहेरचं एक शिकवायचं ठरवलं: मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूच्या स्वतःच्या राखणदार पेशी. तीन पानं टिपणं काढली. मार बसला की या धावतात, मेलेलं खाऊन टाकतात, जागा साफ करतात आणि शांत होतात. हे तरुणपणी. म्हातारपणी त्या आधीच चिडलेल्या असतात. एकदा उठल्या की लवकर बसत नाहीत, शेजारच्या धडधाकट पेशींनाही सतावतात. पुढची पाच वर्षं हाच तास घेईन.

८ डिसेंबर
घरात मला सगळे बाई म्हणतात; आज सकाळी बाबांनी सुमन म्हणून हाक मारली. सुमनआत्या जाऊन जमाना झाला. डावी चप्पल पायात राहत नाही त्यांच्या. अंगणात एकटीच पडलेली दिसते, हे पुढे निघून गेलेले. म्हणतात चप्पल ढिली झाली.
दादा: "वय झालं बाई. असंच होऊन राहते."
मी त्याला राखणदार पेशी समजावून सांगितल्या. पडल्यामुळे उठल्या असतील, हळूहळू बसतील. वेळ द्यायचा.
"म्हणजे वयच ना?"
"वय आणि मार."
त्याने मान डोलावली. मला माझंच बोलणं फार पटलं.

१२ डिसेंबर
तास झाला. बाबांचंच उदाहरण दिलं, 'एक आजोबा' म्हणून. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी, "मॅडम, त्या आजोबांच्या मेंदूचा फोटो काढला का?"
म्हटलं, या पेशी अशा फोटोत दिसत नसतात.
खोटं नाही बोलले. पण दिवसभर ती मुलगी डोक्यातून जाईना.

१४ डिसेंबर
भारी, उशिरा पिकणाऱ्या धानाचा पुंजणा आज. दादा भारे देत होता, बाबा रचत होते. या घरात पुंजणा बाबांशिवाय कोणी रचत नाही. लोंब्या आत, बुडखे बाहेर. अवकाळी पाणी आलं तर वरून निथळून जातं, दाणा कोरडा. लहानपणी मी एक भारा उलटा ठेवला म्हणून पाठीत धपाटा खाल्लाय.
मी भाकरी घेऊन गेले तेव्हा दादा ओरडत होता. "बाबा, उलटं होऊन राहिलं ना!"
दोन पूर्ण थर. लोंब्या बाहेर.
बाबा खाली उतरले, पुंजण्याभोवती एक फेरी मारली, लोंब्यांना हात लावला. "कोनं लावलं हे?"
माणूस नाव विसरेल, वार विसरेल. हे नाही विसरणार. दादा या वेळी हसला नाही. तिथेच आठवलं, हृदयासाठी त्यांना रक्त पातळ करायची गोळी आहे. रोज सकाळी मीच देते. महिनाभर, पडल्यानंतरही, रोज सकाळी. आणि मी जीवशास्त्र शिकवते!

१५ डिसेंबर, नागपूर
फोटो निघाला. कवटीच्या आत उजवीकडे रक्त साचलंय. थेंब थेंब, पडल्या दिवसापासून; गोळीमुळे थांबलंच नाही. मेंदू दाबला गेलाय, म्हणून डावा पाय, म्हणून सुमन.
डॉक्टरांनी विचारलं, लक्षणं कधीपासून? सांगितलं. "मग थांबलात कशासाठी?"
दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
उद्या ऑपरेशन. सही मी केली.

१६ डिसेंबर
कवटीला दोन भोकं पाडून रक्त काढलं. काळं, पातळ होतं म्हणे. संध्याकाळी डावा पाय उचलला त्यांनी. मी तोंडाला पदर लावून रडले.
डॉक्टरांना विचारलं, पूर्वीसारखे होतील ना? "दाब गेला. पण इतके दिवस मेंदू दबलेला होता. या वयात आतल्या पेशी एकदा भडकल्या की शांत व्हायला वेळ लागतो. काहींच्या पुरत्या होतात, काहींच्या नाही. मी शब्द देत नाही."
माझीच तीन पानं मला परत ऐकवली. टिपणात चूक एकही नव्हती. भलत्या ठिकाणी लावली मी.

२३ डिसेंबर
घरी आणलं. चप्पल पायात राहते. मला एकदा बाई म्हणतात, एकदा सुमन.
दादा आज बोलला. "तू शिकलेली, म्हून मी गप होतो बाई. नाही तं पहिल्याच दिवशी गाडी केली असती मी."
नसती केली. वय म्हणून तोही सोडूनच देत होता. पण त्याला तसं म्हणायची माझी छाती नाही.

२८ डिसेंबर
पुंजणा तसाच उभा आहे, दोन उलट्या थरांसकट. आज आभाळ आलंय. दादा म्हणाला थर फिरवून घेतो. बाबांनी ऐकलं. "हात नको लावू. मी पाहतो."
शेतावर जाऊ देणं शक्य नाही. म्हणून दादाने अंगणात थोड्या पेंड्या आणून टाकल्या. बाबा मांडी घालून बसले आणि रचायला लागले. पहिली, लोंब आत. दुसरी, आत. तिसरी उचलली, फिरवली, पुन्हा फिरवली. मग माझ्याकडे पाहिलं.
"सांग ना बाई, कोनीकडे?"
बाई म्हणाले. सुमन नाही.
सांगणं एका शब्दाचं काम. दादा दारातून खुणावतोय, सांगून टाक. पण आठवडाभर मीच सांगत होते सगळ्यांना; या वेळी त्यांचं त्यांना आठवू दे. मी वही उघडून बसले आहे, मान खाली घालून. पेंडी अजून त्यांच्या हातात आहे.