स्क्रीनमधली काळी पट्टी

उस्ताद, तुमच्याशी बोलायचं म्हणून आज कागद घेतला. बोलायला मी कधी अडलो नाही. तुम्हीच म्हणायचात, "मेल्या, तुझी जीभ रॉडच्या आधी पेटते." पण एक गोष्ट तुमच्या समोर बसूनही वर्षानुवर्षं तोंडातून निघाली नाही.

मिरकरवाड्याच्या धक्क्यामागची आपली पत्र्याची वेल्डिंगची शेड. ऐंशीनंतरची ती वर्षं. जो तो होडीला इंजिन बसवत होता आणि नारळी पौर्णिमेआधी प्रत्येकालाच घाई. त्यात वेल्डिंग करताना तोंडासमोर धरायच्या तुमच्या स्क्रीनची काळी काच फुटली. तशी काच मुंबईहून यायची, म्हणजे आठवडा गेला. समोर एका ट्रॉलरचं सुकाणू अर्धवट पडलेलं, मालक रोज सकाळी दारात. मी बाजारात जातो, गॉगलवाल्याकडून काळ्या प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या कापून घेतो, एकावर एक ठेवून उन्हात धरतो. सूर्य टिकलीएवढा पुसट दिसतो. बस, झालं काम. पट्टी चौकटीत घट्ट बसवूनच मी स्क्रीन तुमच्या हातात दिली. तुम्ही विचारलंत, "खरी हाय ना रे?" मी म्हणालो, "मुंबईचीच आहे उस्ताद, एका ओळखीच्याकडे पडून होती."

तुम्हीच मला शिकवलं होतंत, डोळ्याने मागाहून बघ, आधी कान दे. बांगडा तव्यावर तळतो तसा रॉडचा आवाज सलग आला पाहिजे. तिसऱ्या दिवशी तुमच्याकडे पाठ करून मी काम करत होतो आणि तुमच्या रॉडचा आवाज तुटत होता. चर्र, मग गप्प, मग चर्र. तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं. रॉड दमट झाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी तुमच्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग. हे दुखणं आपल्यात कुणाला नवं नव्हतं. स्क्रीन न धरता एखादा टाका मारला की व्हायचंच. म्हणून कुणाला संशय आला नाही. घरी चाचींनी, तुमच्या बायकोने, कच्च्या बटाट्याच्या चकत्या डोळ्यांवर ठेवल्या. तुम्ही ओट्यावर उताणे, आणि तिथूनच म्हणता, "अगो, आता बेसन लाव, वडे तरी होतील." चाची म्हणाल्या, "तेल कोण देतो, तुमचा बाप?" सगळे हसले. मीही हसलो. दोन दिवसांनी आग निवली आणि तुम्ही पुन्हा तीच पट्टी धरून बसलात. आठ दिवसांत सुकाणू पुरं झालं.

मग तुम्हाला नजरेच्या मधोमध डाग दिसायला लागला. तुम्ही वयावर घातलंत. शेड माझ्या हवाली केलीत, म्हणालात, "तुझे कान चांगले हायत, चालवशील." आज लोक सांगतात, हा माणूस स्वतःच्या हिमतीवर वर आला. मी मान हलवतो.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मी माझा चष्मा करायला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि सहज विचारतोय असं दाखवून विचारलं. ते म्हणाले, वेल्डिंगच्या उजेडात नुसता दिसणारा उजेड नसतो. एक न दिसणारा किरण डोळ्याचं वरचं कातडं भाजतो. ते फार दुखतं, पण बरं होतं. दिसणारा झगझगीत उजेड आणि त्याच्या पलीकडची उष्णता मात्र थेट मागच्या पडद्यापर्यंत जातात. तिथे भाजलं तर कळतही नाही, आणि भरूनही येत नाही. मग म्हणाले, "नुसतं काळं प्लॅस्टिक सगळ्यात वाईट. अंधार समजून बाहुली मोठी उघडते, आणि प्लॅस्टिक जे अडवत नाही ते सगळं आत."

तुम्ही तेव्हा हयात होतात. मी दर ईदला यायचो, शीरखुर्मा प्यायचो. एकदा तुम्ही म्हणालात, "गंमत बघ, तू समोर बसलास की तुझा शर्ट दिसतो, कान दिसतात, चेहरा तेवढा दिसत नाय." मला बरं वाटलं, उस्ताद. तुम्हाला माझा चेहरा दिसत नाही याचं बरं वाटलं.

तुमची मुलगी अजून त्याच गल्लीत राहते. हा कागद तिला देता येईल. देणार नाही. कारण ती वाचेल आणि मला म्हणेल, "तुम्हाला काय माहीत होतं तेव्हा." तेवढं मला ऐकायचं नाही. त्या आठ दिवसांत माझ्या स्वतःच्या स्क्रीनमध्ये मुंबईची खरी काच होती. बदलून द्यायला दोन मिनिटं लागली असती, आणि ते मला सुचलं होतं.