मोजताना पळणारं इंटरनेट

प्रिय मावशी,

नमस्कार. तुझा गुडघा आता जिने चढू देतो ना? आधी एक दुरुस्ती. आमचं इंटरनेट घोड्यासारखं पळतं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते चूक. आकडा खरा होता, घर खोटं होतं. पहिली बेरीज तूच मला जेवणाच्या टेबलावर शिकवलीस, तेव्हा हे तुला सांगायलाच हवं.

वेग मी वेबसाइटवरच्या गोल काट्यावर मोजत नाही. (तो फार डौलात फिरतो, आणि डौल दाखवणाऱ्यावर माझा विश्वास नाही.) कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडते, एका ओळीची कमांड टाइप करते, आणि नुसते दोन आकडे येतात: डाउनलोड आणि अपलोड. पण मोजण्याआधी घरात सांगणं मला सभ्यपणाचं वाटतं. "मोजते हं," म्हटलं की बाबा फोन बंद करून पालथा ठेवतात, आई स्वयंपाकघरातली मालिका थांबवते, आणि काका मोबाइलवरची कुस्ती थांबवून दोन पैलवानांना हवेत लटकत ठेवतात. श्वाससुद्धा सगळे जपून घेतात. मग आकडा असा येतो की आईची मालिका अडकते म्हणून बोलावलेला कनेक्शनवाला म्हणाला, "ताई, एवढा स्पीड आमच्या ऑफिसात नाही," आणि तक्रार बंद करून गेला.

त्या भरवशावर मी भाषांतरकाराच्या नोकरीसाठी व्हिडिओवर मुलाखतीला बसले. सगळ्यांनी शपथेवर फोन बंद केले होते. पण मुलाखत मोजणीसारखी चटकन संपत नाही. बाबांना राहवेना, त्यांनी आपल्या खोलीत 'मुलाखतीत कसे बसावे' हा व्हिडिओ लावला. आईने काळजीपोटी तोच लावला. काकांनी काळजी विसरायला पैलवान खाली उतरवले. इकडे संपादकबाईंनी विचारलं, तुमच्यातली मोठी उणीव कोणती, आणि मी तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठले. बाई भल्या. नंतर फोन करून म्हणाल्या, बुधवारी पुन्हा बोलू, पण तेवढीच एक संधी.

काल मी कुणाला न सांगता मोजलं. (दुसऱ्याच्या कपाटात डोकावल्यासारखं वाटलं.) आला तो नेहमीच्या आकड्याचा दहावा हिस्सा. मग "मोजते हं," म्हणून पुन्हा मोजलं, तर पूर्ववत. काका म्हणाले, "बघ, राऊटर ठणठणीत आहे. औषध तुलाच हवंय."

बाकी घरी सगळे मजेत, आणि माझ्या काळजीने ऑनलाइन.

तुझी भाची

ता. क. – बुधवारी तुझी मागची खोली मिळेल का? तुझ्याकडे नेट आहे, तू एकटी असतेस, आणि फोन फक्त उचलायला वापरतेस.

ता. क. आणखी एक – बाबांना मीच सांगेन, पण निघताना, दारातून. आधी कळलं तर ते धीर द्यायला सोबत येतील, फोन घेऊन.

ता. क. शेवटचं – अडचण असेल तर मोकळेपणाने नाही म्हण, मला मुळीच वाईट वाटणार नाही. तिकीट काढलंय. मंगळवारी, चौदा तारखेला येते.