बाजारातली जागा आणि इंटिग्रेशन

आये, तुझ्या पाया पडतो.

गुवाहाटीत थंडी आहे, पण तू दिलेली गोधडी पुरते. मासे मिळतात, फक्त नदीतले. हॉस्टेलवर मराठी बोलणारं कोणी नाही, त्यामुळे अभ्यास भरपूर होतो.

सध्या इंटिग्रेशन चाललंय. गणितातल्या अवघड भागाच्या जागी तात्पुरतं एक सोपं अक्षर ठेवायचं आणि सोडवायचं. तू आजारी पडलीस की मावशी बाजारात तुझ्या जागेवर बसते ना, अगदी तसं. शेवटी मात्र मूळचं परत आणून बसवायचं. मी तेच विसरलो आणि मार्क गेले. सर म्हणाले, "गणित सुटलं, पण तू परत आलाच नाहीस." सगळे हसले. मीपण हसलो.

तुझा गुडघा कसाय? खरं सांग.

मावशीची प्राप्ती राहायला आली ते बरं झालं, तुला सोबत झाली. तिला माझ्या खिडकीजवळ अभ्यासाला बसू दे. माझी उशीपण दे. तुझा चष्मा नेहमीसारखा सापडणार नाहीच, पत्र तीच वाचून दाखवेल.

तुझाच,
दर्शन

ता.क. प्राप्ती, ही ओळ आयेला वाचून दाखवू नको. मी आलो की माझ्या जागेवरून उठशील ना गं?