रेवाताईची चूक

५ जून २००५, रविवार

शेवटी आज कळलं! जानेवारीपासून रेवाताईच्या हाताखाली लॅबमध्ये उंदराच्या मेंदूच्या पेशी वाढवतेय, पण आपण शोधतोय काय ते आज समजलं — भुईगावला, तिच्या घरच्या ओट्यावर. या पेशींना बारीक काटे असतात. काही नवं शिकलं की ते फुगतात. आत ॲक्टिनचे धागे. ते कापणारं प्रथिन — कोफिलिन.

"कापलेल्या टोकांवरच नवे धागे फुटतात. म्हणजे कोफिलिन नसलं तर काटा फुगायला नको," ती म्हणाली. "आपण ते बंद पाडलं, तर काटा जास्तच फुगला!"

चार वर्षं राबलीय. पेपर याच आठवड्यात पाठवायचा, ऑगस्टमध्ये परदेशातल्या लॅबमध्ये रुजू व्हायचं.

नरहरीकाका — तिचे वडील — वाडीतून केळी घेऊन आले. "काय गो, उंदीर शिकला का काय?" किती हसली ती! मला तिच्यासारखं व्हायचंय.

९ जून

पेपर थांबवला! तिनेच. लॅबचे प्रमुख सर वैतागले, "तीनदा करून झालंय ना?"

"तिन्ही वेळा मार्चमध्ये भरलेल्या औषधाच्याच नळ्या वापरल्यात, सर. एकदा नव्या भरून बघते."

१८ जून

नव्या नळ्या. काटे फुगले नाहीत.

२० जून, सोमवार

कारण सापडलं. मार्चमध्ये दोन नळ्यांची लेबलं उलटी लागली होती — कोफिलिन बंद पाडणारी नळी आणि नुसती तुलनेसाठीची, काहीच न करणारी. निकालच उलटा! रेवाताई सगळ्यांसमोर उभी राहिली. "लेबलं चुकली. चूक माझी." बस्, एवढंच. सर नको नको ते बोलले. परदेशातली जागाही गेल्यात जमा — पेपर नसेल तर ते थांबणार नाहीत. तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी असते तर रडले असते.

जिन्यात मला म्हणाली, "खरं काय ते कळलं ना? मग झालं."

२३ जून

तिच्या वहीची नक्कल करायला घेतली. १४ ते १९ मार्च — 'रजा. बाबांचं ऑपरेशन.' नळ्या भरल्याची तारीख १६ मार्च. फ्रीजर उघडून लेबलं पाहिली. अक्षर माझं. त्या आठवड्यात मी भरलेल्या ढीगभर नळ्यांतल्याच या!

धावत तिच्याकडे गेले. "तुला माहीत होतं?"

"अगं, नवीन होतीस. सरांनी त्याच दिवशी काढलं असतं तुला. नीट शिकवून न जाता मी रजेवर गेले, म्हणजे चूक माझीच की!"

२४ जून

सरांना सगळं सांगितलं. मग रेवाताईची जागा सहा महिने राखून ठेवा, असं पत्र ते तिकडच्या लॅबला लिहायला बसले. माझं काय ते सोमवारी.