डोक्यावरचा हात

आमगाव,
१२ जानेवारी १९३४

हिरालालभाऊस धाकट्या बिसरामचा रामराम.

इकडे सारे खुशाल. धान घरात आलं. काकीचे गुडघे दुखून राहिले, पण आवाज तसाच खणखणीत आहे.

तू रंगूनहून गावच्या मंडळींसोबत पुढं पाठवलेल्या बर्मी वहिनी सुखरूप पोचल्या. ‘मा टिनला आपल्या घरच्या रीती शिकव, मायसमोर चुकू देऊ नको,’ असं तू लिहिलं होतंस. शिकवल्या. वडीलधाऱ्यांसमोर पदर, चुलीजवळ जाण्याआधी पाय धुणं, उजव्या हातानं वाढणं. एकही रीत उलटी सांगितली नाही. सांगता आली असती.

पहिल्या दिवशी काकी कडाडली, “माह्या पोरानं कायले आणली ही परमुलखातली?” आता त्यांच्याच हातची भाजी मागते.

परवा वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. शेजारचं लेकरू आलं, त्याच्या डोक्यावरून मी हात फिरवला. वहिनी दचकल्या. “हमारे में सिर को हाथ नहीं लगाते. बड़ा अपमान.” मग म्हणाल्या, त्या आजोळी असताना एका हिंदुस्थानी माणसानं त्यांच्या लहान भावाच्या डोक्यावर असाच हात ठेवला. बापानं त्याला मारून आपल्या भाताच्या गिरणीतून हाकललं.

मी म्हणालो, “वहिनी, तो मीच.”

मुकादमाची जागा मला मिळणार होती. तिथल्या रीतींना नवा होतो, म्हणून मालकाच्या दाराशी तुलाच रीत विचारली. तू म्हणालास, “पोराच्या डोक्यावर हात ठेव, मालक खूश होईल.” मग जागा तुला मिळाली, आणि मालकाची लेकही. सारं वहिनींना सांगितलं. काकी दारात उभी राहून ऐकत होती.

वहिनी रडल्या नाहीत. एवढंच विचारलं, “उनको मालूम था?”

“रंगूनात मुरलेला माणूस तो, वहिनी.”

त्यांनी त्याच दिवशी बापाला पत्र लिहिलं. मीच डाकघरात टाकलं. तुझं हे दोन दिवस उशिरा टाकतो आहे. काकी म्हणाली, “बहू इथंच राहील. त्याले म्हणा, तोंड तिकडंच ठेव.”

मालक बोलावेल. जोडे बाहेर काढ, खाली बस, पाय त्याच्याकडं करू नको. या रीती खऱ्या आहेत. मी मार खाऊन शिकलो.

तुला कधीच माफ न करणारा, पण आता शांत झोपणारा,
बिसराम