गुडघ्याला लागलेलं पाणी

मु. हातकरवाडी, ता. आजरा
दि. ३ ऑगस्ट १९९९, मंगळवार

तीर्थस्वरूप दाजींना बाळासोचा वाकून नमस्कार. आक्काचा गुडघा कसा आहे? निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायचा, कच्चा नव्हे, हे मागच्या पत्रात लिहिलं होतं. (ती कच्चाच बांधत असणार.) तुमच्याकडं शिरोळला कृष्णेचं पाणी चढलंय असं कळलं. आमचं उतरलं. एका दुपारीत सगळं उतरलं, तेच लिहायला बसलोय.

गेल्या वर्षी लोकसहभागाच्या प्रकल्पातून आमच्या गावतळ्याची दुरुस्ती झाली आणि समितीचा सेक्रेटरी मी झालो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझी शाळा सातवीला सुटली. पण बांधकामाची तीन पुस्तकं मी स्वतः वाचून काढलीत, आणि बांधाच्या उतारातली चूक प्रकल्पाच्या साहेबांना मीच दाखवली होती. (त्यांनी ती मान्य केली नाही, पण दुरुस्त केली.) त्या प्रकल्पाचा एक तक्ता होता. घरटी एक नाव आणि पुढं रकाना, 'प्रकल्पातील भूमिका'. त्रेसष्ट घरं मी सुवाच्य अक्षरात भरली. गुंडूच्या नावापुढं लिहिलं, 'काही नाही'. ते खोटं नव्हतं. त्याला कुणी नेमलेलं नव्हतं. बावीस पावसाळे तो आपणहून सांडव्याशी घोंगडं घेऊन बसायचा आणि पाणी वाढलं की लोखंडी आकडीनं सांडव्यातल्या अडसराच्या फळ्या ओढून काढायचा. या कामाला रकानाच नव्हता.

वीस जुलैला तपासणीची सभा ठरली. सत्तर टक्के हजेरी पुरेशी होती. पण सत्तर म्हणजे तीस कमी, हे माझ्या मनाला पटेना. बासष्ट घरं जमली. मी भिजत सांडव्यावर गेलो.

"सेक्रेटरी, पाणी म्हसोबाच्या गुडघ्याला लागलंय," गुंडू म्हणाला. "मी हितनं हाललो तर फळ्या कोण काढणार?"

तिथंच, म्हसोबाशेजारी, मी सेंटिमीटरची मोजपट्टी रंगवून लावली होती, ती त्याला दाखवली. अजून वीस सेंटिमीटर बाकी होते. शिवाय सहभाग दाखवल्याशिवाय गावाचं भलं होत नसतं, हेही समजावलं.

"सहभाग म्हंजे बसायचंच की न्हवं? मी बसलोयच की हितं."

शेवटी माझ्या भिडेखातर आला. सतरंजीच्या टोकाला बसला. मी त्रेसष्ट लिहिलं.

साहेब एक तास चाळीस मिनिटं बोलले. विषय होता, आपलं तळं आपणच राखायचं. मधेच खडीचा डंपर रिकामा व्हावा तसा आवाज झाला. गुंडू ताडकन उठला. मी त्याला हातानं खाली बस म्हणून खुणावलं, कारण आभारप्रदर्शन राहिलं होतं.

बांध अठरा फूट फुटला. नुकती लावण झालेली अकरा जणांची भातं गेली. खाली गुंडूचा गोठा. त्यात गाभण म्हैस दाव्याला होती. दावं तुटलं नाही; गुंडूनं स्वतः वळलेलं होतं.

त्यानं मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात आकडी ठेवून बायकोसकट निघून गेला. परवा प्रकल्पाचं शाबासकीचं पत्र आलं, 'सहभाग शंभर टक्के'. सौभाग्यवतीनं ते चुलीजवळ ठेवलंय. (आत की बाहेर, अजून ठरलेलं नाही.)

कळावे. आपला,
बाळासो

ता. क. : गुंडू तुमच्याच गल्लीत त्याच्या बहिणीकडं आहे असं कळलं. त्याला परत धाडा. मी सांगितलं म्हणू नका. बांधाचं भगदाड गावानं चार दिवसांत बुजवलं. कुणी दवंडी दिली नव्हती. मी हजेरीची वही घेऊन पोचलो, तर बायडाबाई म्हणाली, "वही ठिवा आन् मातीची पाटी धरा."

ता. क. दुसरं : मी म्हटलं असं सांगितलंत तरी चालेल. तळं पुन्हा भरत आलंय, आणि आठ दिवस सांडव्यावर मीच बसतोय. मोजपट्टी वाहून गेली, म्हसोबा जागेवर आहे. पण दाजी, तो नुसता शेंदूर फासलेला गोल धोंडा आहे. मी चारी बाजूंनी पाहिला. गुंडू येत नाही म्हणाला तर निदान एवढं विचारून उलट टपाली कळवा, की म्हसोबाचा गुडघा कुठं असतो. पाऊस थांबलेला नाही.