चिमणीच्या कोड्यातल्या रेघा

३ जून

चिमणीचं शब्दकोडं छापायला घेतलं आणि प्रिंटरने ऐन वेळी दगा दिला! पानभर आडव्या पांढऱ्या पट्ट्या, काळा रंग पुसट. हे म्हणाले, "अगं, हे कोडं आहे की झेब्रा?"

चिमणी म्हणजे आमची नात, आठ वर्षांची, राहते लांब. दर आठवड्याला हे तिच्यासाठी कोडं रचतात, मी छापते, मग ते पोस्टाने जातं. चुकवायचं नाही म्हणजे नाही! आणि मी शिलाई मशीन उघडून साफ करते ना, म्हणून घरातली सगळी यंत्रं माझ्याच गळ्यात.

नॉझल, म्हणजे शाईची बारीक छिद्रं, तपासायचं पान काढलं. काळ्या रेघा जागोजागी तुटलेल्या. महिनाभर आम्ही चिमणीकडेच होतो, तेवढ्यात शाई वाळून छिद्रं बुजली असणार.

४ जून

हेड क्लीनिंग चार वेळा केलं. पट्ट्या जिथल्या तिथे! शाईवाल्याला फोन केला. "काकू, सारखं साफ करत बसू नका, शाई वाया जाते. सहा-सात तास हात लावू नका, मग एकदाच करा."

हात लावायचा नाही – तेच तर मला जमत नाही.

५ जून

जमलं! काळा अगदी सलग. मी नाचत स्वयंपाकघरात गेले. ह्यांनी पान जवळ नेलं, लांब धरलं. "रंग छान उतरलाय. पण रेघा वाकड्या आहेत."

६ जून

छपाईच्या रेघा जुळवायची अलाइनमेंट केली. कागदाचा प्रकार बदलला, दर्जा सगळ्यात वरचा ठेवला. मला चौकटी सरळसोट दिसतात. हे म्हणतात, मधोमध फुगल्यात.

"तीस वर्षं जमिनी मोजल्या मी. मला रेघ शिकवतेस?"

"आणि मी काय आयुष्यभर वाकडी शिवण घातली?"

झालं!

७ जून

अबोला. चहा मात्र दोन्ही वेळा ह्यांनीच केला. माझ्या कपात साखर जरा जास्तच.

८ जून

शेवटी माझी कापडावर आखायची लोखंडी पट्टी आणली आणि रेघेला लावून ठेवली. "बघा आता!"

हे बघतच राहिले. मग हळूच – "पट्टीसुद्धा वाकडी आहे गं."

एकेक डोळा झाकायला लावला. डावा झाकला – पट्टी सरळ. उजवा झाकला – मधेच वाकते!

"कधीपासून?"

"चिमणीकडून आलो तेव्हापासून. वाटलं, नंबर वाढला असेल."

आणि मी आपली यंत्राशी झगडतेय! खूप चिडायचं होतं, चिडताच येईना. ह्यांचा चष्मा पुसून हातात दिला. डोळ्यांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घेतलीय.

९ जून

डाव्या डोळ्याच्या पडद्याखाली पाणी साचलंय. गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही, पण उरलेली राखता येईल – वेळेत आलात, म्हणाले डॉक्टर. दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन. पहिलं परवा.

दवाखान्याच्या जिन्यात ह्यांनी माझी बाही धरली. "परवा तू आत येशील ना?"

येणार म्हणजे काय!